तोमोएची भिंत

३ ऑक्टोबर
आलो एकदाचा जपानच्या किनाऱ्यावरच्या ओनोमिचीत. कॉलेजला मधूनच रामराम ठोकला आणि जिच्यापायी आलो त्या तोमोएच्या बाबांकडे कामाला लागलो. तिचे बाबा, कामोझावा मालक, काँक्रीटवरचे डाग काढतात. गंज, शेवाळ, काजळी, काहीही. हातात ब्रश देताना त्यांनी विचारलं, कॉलेजात बादली उचलायचा पेपर असतो का. चहा ओतता ओतता तोमोए फिस्सकन हसली. हसताना तिच्या गालावरचा तीळ वर चढतो. त्यासाठी आणखी चार कॉलेजं सोडीन. घरात बापलेक दोघंच. मला माडीवरची खोली आणि रोज भाजलेला मासा, भात. आणखी काय हवं?

१२ ऑक्टोबर
शिकतोय. आधी भिंत पाण्यानं चिंब करायची, मगच ॲसिड. कोरडी भिंत ते पिऊन बसते. डाग गेला की रंगात बुडवलेल्या स्पंजानं टिपके देत जुना पोत परत आणायचा. मालकांची दुरुस्ती कुठं आहे, शोधून सापडत नाही.
गावाच्या भिंती उजळणाऱ्या या माणसाच्या घरामागच्या भिंतीवर मात्र माणसाएवढा काळपट डाग. शेजारीण टोमणा मारते, दुसऱ्यांच्या भिंती घासून हात दुखत असतील. मालक एवढंच म्हणाले, त्या भिंतीला हात लावायचा नाही.

१९ ऑक्टोबर
आज तोमोएला मागणी घातली. मालक पोट धरून हसले.
"भिंत घासता येत नाही धड, आणि पोरगी मागतोस, कॉलेजवाल्या?"
तिच्यासमोर. माझे कान अजून तापलेत. उद्यापासून ते आठवडाभर बेटावरच्या पुलाच्या कामाला. परत येतील तेव्हा ती भिंत आरशासारखी दिसेल. मग बोला म्हणावं.

२१ ऑक्टोबर
भिजवत बसायला धीर कुणाला? थेट ॲसिड लावलं, डागाच्या वरच्या टोकापासून. लोण्यासारखा सुटला. जेवताना तोमोएच्या गालावर तीळ दिसला नाही. पावडर लावली असेल.

२३ ऑक्टोबर
वरून खांद्याच्या उंचीपर्यंत डाग निघाला. तोमोएला भुवया नाहीत. आरशात बघून म्हणाली, मला कधी होत्या? थट्टा म्हणावी, तर थट्टेत तिला हसू आवरत नाही. आज ओठांवर हसू उमटलंच नाही.
मालकांना फोन केला. त्यांनी सगळं सांगितलं. घर बांधत होते तेव्हा तोमोए जन्मली, जगेल असं वाटत नव्हतं. इकडे सगळे बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत घालून कपाटात जपतात. यांनी ती डबी ओल्या काँक्रीटमध्ये घातली, पोर घट्ट राहावी म्हणून. पोर जगली. भिंतीवर डाग उमटला, तिच्याबरोबर वाढला.
"तू डाग काढत नाहीस, बाळा. तिला पुसतोयस."
मी थांबतो म्हणालो. ते निघालेत, पण वादळात बोटी बंद.

२४ ऑक्टोबर
थांबलो. तरी डाग उतरतोच आहे. कोरड्या भिंतीनं ॲसिड पिऊन घेतलंय. किती पाणी ओतलं — ती नाव विचारते. माझं नाही. स्वतःचं.

२५
चेहरा सपाट. ओल्या काँक्रीटवर थापी फिरवावी तसा. माझा हात धरून बसलीय. पकड अजून तिचीच. मालक अजून पोचले नाहीत.

२६
स्पंज घेतला. डाग परत भरतोय, तिचाच चेहरा, टिपक्या टिपक्यानं. नाक सरळ होतं, की जरा — रोज बघायचो मी. रोज. रंग ओघळतो. पुसायची छाती नाही, काय पुसलं जाईल —

दुपार
डोळे जमले. माडीवर हालचाल. ती उठली. उठली. फक्त तोंड राहिलंय, तेवढं झालं की —
जिन्यावरून हाक आली. माझं नाव. आवाज तिचाच, अगदी तिचाच.
पण तोंड मी अजून रंगवलेलं नाही.
पावलं खाली आली. मागे वळायचं नाही. लिहीत राहायचं. ती माझ्या खांद्यावरून वहीत वाकून