हळदीच्या कागदावरची बोटं

८ सप्टें., सोम.
शनिवारचा शेवटचा तास रिकामा असतो, तरी हेडसर प्रयोगांना देत नाहीत. "खेळ हाय हा, मॅडम. केमिस्ट्री नाई." भांडभांडून शेवटी ठरलं: शुक्रवारी वर्गात माझं कोडं ते स्वतः सोडवणार. पटलं तर तास माझा. नववीची पोरं सूत्रं घोकून पेंगतात. हा तास मी सोडणार नाही.

१० बुध.
कोडं असं. चार बाया, चार बाटल्या: चुन्याची निवळी, धुण्याचा सोडा, लिंबू, मीठपाणी. कोणाची कुठली? सूचक वाक्यं वाचून सोळा घरांचा तक्ता भरायचा, अडलं तिथे थेंब टाकायचा. कागद हळदीचा. चुना-सोड्याने लाल, बाकी पिवळाच. लाल घरं जोडून घड्या घातल्या की होडी. चुकलं तर नुसता चुरगळलेला कागद.
घडीवर हळद तडकत होती. मी रहीमभाऊ बाइंडरकडे गेले. "ओलाच काऊन मोडता मॅडम? सुकू द्या, रेघ दाबा, मंग मोडा." जमलं एकदाचं!

१२ शुक्र.
सत्यानाश. हेडसरांनी कागद धरला आणि थेंब पडायच्या आधीच चार लाल ठसे. खर्रा! सुपारी-तंबाखू घोटताना बोटांना लागलेला चुना. मी इथेच जन्मले, तरी डोक्यात आलं नाही. "कागदच खराब हाय तुमचा." पोरांसमोर खर्ऱ्याचं नाव काढलं नाही.
मग बाकांकडे पाहिलं. सहा कागद तसेच लाल. पोरं लपवत होती. स्टाफरूममध्ये येऊन रडले.

१५ सोम.
सरांच्या खोलीत गेले. "कागद खराब नाई सर. चुना हाय. तुमच्या बोटाइचा."
त्यांनी बोटं रुमालाला पुसली. "पोराइचे किती?"
"सहा."
"नावं?"
नाही दिली. दिली असती तर परत कोणी कागदाला हात लावला नसता. तासाचं विचारलं तर म्हणाले, "पाहू."

१७ बुध.
पहिली पायरी बदलली. कोपऱ्यातल्या चौकटीत ओली बोटं टेकवा. लाल झाली तर लिंबू चोळा, हात धुवा, मग सुरू करा. चौकट फाडून स्वतःच्या खिशात. मी बघणार नाही.

१९ शुक्र.
मधल्या सुट्टीत सर आले. बसले नाहीत. बोटं ओली केली, टेकवली. दोघंही बघत राहिलो. पिवळंच.
"पाह्यलं?" चौकट फाडून खिशात टाकली नि गेले. तासाचं अवाक्षर नाही.
लिंबू चोळून आले होते की खर्रा सोडून, तेवढं हळदीला कळत नाही.
पस्तीस कागद तयार आहेत. उद्या शेवटच्या तासाला मी वर्गात जाऊन बसणार. डझनभर लिंबं आणली.