टिप्परच्या सिलिंडरचा प्रेस

पिपरी मेघे,
१४ फेब्रुवारी १९८३

प्रिय किसनदादास,

जयवंताचा नमस्कार. वहिनीला आठवण सांग. इकडे थंडी ओसरली, गहू ओंबीवर आला आहे. पत्राला उशीर झाला, कारण आमच्या दुकानात एक मोठं काम चाललं होतं. काल ते फत्ते झालं!

दादा, आम्ही घरच्या घरी हायड्रोलिक प्रेस बनवला. तापलेलं लोखंड घणाने ठोकायचं काम आता तेलाच्या दाबावर होतं. भंगारात निघालेल्या टिप्परचं सिलिंडर आणलं, मागचा डाला वर उचलणारं, आणि ते उलटं टांगलं. बोरगाव मेघेच्या डोमाजी वेल्डरने जाड गर्डरची चौकट जोडून दिली. चौकटीचं चित्र यांनी फरशीवर कोळशाने काढलं होतं.

पहिल्यांदा फजिती झाली. हातपंप लावला होता. मी दांडा मारतेय, मारतेय, आणि वरचा ठोकळा मुंगीच्या चालीने खाली येतोय. टेकेपर्यंत लोखंड काळं पडलं.

डोमाजी म्हणाला, "वहिनी, घणच बरा होता. हे भंगार इकून टाका."

हे रात्री उशिरापर्यंत पंपाशीच बसून होते. जेवलेही नाहीत. सकाळी उठल्याबरोबर मला म्हणाले, "दाब कमी नाई, तेल हळू येऊन राह्यलं. ट्रॅक्टरचा पंप पाह्य अन् मोटरवर जोड."

जुना पंप शोधून आणला, पट्ट्याने मोटरला जोडला. डोमाजी कुरकुरत आला, पण आला.

यांचा हात कसा आहे, हे तू प्रत्येक पत्रात विचारतोस आणि मी हवापाण्यावर जाते. आता लिहिते. लकव्याच्या झटक्यात गेलेला उजवा हात आला नाही, दादा. येणारही नाही, असं डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं. पूर्वी हे सांडशीत लोखंड धरायचे आणि मी घण मारायची. आता सांडशी मी धरली तर घण कोण मारणार? हे कळवलं असतं तर तू त्याच दिवशी दुकान विकायला लावून आम्हाला हिंगणघाटला न्यायला आला असतास.

काल पवनारचे हरिदास पाटील वखराची पास घेऊन आले, लोखंडी पातं पार झिजून वाकलेलं. भट्टी पेटवली. मी पास बाहेर काढणार तोच हे स्टुलावरून ओरडले, "काऊन घाई करून राह्यली? पिवळी होऊ दे!"

पिवळीधमक पास मी ठोकळ्यांमध्ये धरली आणि यांनी डाव्या हाताने तेल सोडायची दांडी ओढली. लोखंड कणकेसारखं दबलं, दादा! घणाचा एक ठोका नाही, आणि पास सरळ, सपाट निघाली. पाटील वाकून बघतच राहिले. डोमाजीने टोपी हवेत उडवली.

"भंगार म्हणे!" असं त्याला म्हणून हे इतक्या मोठ्याने हसले की शेजारच्या बाया धावत आल्या. झटक्यानंतर हे हसले नव्हते. मी भट्टीच्या धुराचं निमित्त करून पदर डोळ्याला लावला.

आज ओट्यावर फाळ आणि पासा येऊन पडल्या आहेत. पाटलांनी गावभर केलं असणार.

तेव्हा दुकान विकायचं नाही, आणि आम्ही हिंगणघाटला राहायला येत नाही. रागावू नकोस. तूच वहिनीला घेऊन ये. हे तुला स्वतः दांडी ओढून दाखवतील. धाकटी असले तरी या वेळी माझं ऐकजो.

तुझी, पिपरी मेघेलाच राहणारी बहीण,
जयवंता