डबाभर खरवस

परभणी

माय,

तुझ्या पायाला हात लावून अंगद लिहायलाय. तोंडात टाके हायत, फोनवर बोलता येईना, म्हणून ही चिठ्ठी शिवशंकर मामाजवळ देतोय. धाकली दिपाली वाचून दाखवील. अक्कलदाढ काढली, सूज उतरायलीय. फिकीर करू नको.

डॉक्टर म्हणाले, भाकरी बंद, पण वजन उतरू द्यायचं न्हाई. मग दुधात केळं कुस्करून खायलोय, मऊ खिचडीवर तूप घ्यायलोय. पँट जराशी ढिली झाली, तेवढंच.

मामाजवळ तू पाठवलेला खरवस लय मऊ होता. चावावंच लागलं न्हाई. बोटानं डबा पुसून खाल्ला. ऑपरेशन झाल्यापासून पहिल्यांदा पोट भरलं.

डबा धुताना मात्र हात थांबला. खरवस चिकाचा. म्हणजे आपली ढवळी शेळी व्याली, अन् मला कुणी सांगितलं न्हाई. मामाला विचारलं, तर ते गंगाखेडची गाडी चुकंल म्हणत चपला शोधायला लागले.

माय, पिल्लाचं पोट भरल्याबिगर तू चिकाला कुणाला हात लावू देत न्हाईस. अन् एका शेळीचा चीक असतो तरी किती? डबाभर कुठून आला?

पिल्लू जगलं न्हाई म्हणून चीक उरला असंल, तर तसं सांग. पण पिल्लाच्या आधी माझा डबा भरला असंल, तर सांगू नको.

डब्यात गूळ ठेवलाय. दिपालीला देऊ नको, ढवळीला चार.

ती पिल्लासाठी अजून वरडायलीय का गं?

तुझा,
अंगद