पाटील डाव्या कडेला

मंगळवार, दिवेलागण. जुना जालना.

जाफराबादचे पाटील आज पाटलीणबाईंना घेऊन माझ्या दुकानात फोटो न्यायला आले होते. फोटो काढताना मी त्यांना बांधावर, चौकटीच्या डाव्या कडेला बसवलं होतं आणि उजवीकडे नुसतं रिकामं वावर ठेवलं होतं. इकडे प्रत्येकाला मधोमध बसायचं असतं, दोन्ही कान अन् दोन्ही जोडे दिसले पाहिजेत. पाटील तडकलेच. "मालक मी, अन् मला कोपऱ्यात काहून बसवलं? एवढी जागा वाया."

पाटलीणबाईंनी फोटो हातात घेतला. त्या रिकाम्या वावराकडेच बघत राहिल्या. "कोनाची वाट बघून राह्यलेत तुम्ही?"

पाटील फोटोवर वाकले. मग म्हणाले, "थोरल्याची."

थोरला मुलगा हैदराबादेला गेला तो अजून परतला नाही, हे मला आत्ता कळलं. मग कॅमेऱ्याच्या यंत्रानंच हे साधलं म्हणू? नाही. ते वावर मी सोडलं होतं, जाणूनबुजून. पुन्हाही सोडीन.

निघताना पाटलांनी बजावलं, पाव्हण्यांना दाखवायला एक मधोमधचा काढा. काढीन, दोन्ही कानांसकट. हा मात्र पाटलीणबाईंनी हातातून खाली ठेवलाच नाही.