उतारावरची विवरं

केंब्रिज, २ सप्टेंबर १९९१

पोचले एकदाची! नवी नोकरी, नवं शहर आणि तळघरातल्या प्रयोगशाळेत पोलादी दाराआड माझा स्वतःचा ज्वालामुखी. वाळू-पिठाचा, कमरेइतका उंच, पण माझा. खालून पंप गरम सिरप वर ढकलतो. शेंड्याचं विवर प्लॅस्टरच्या बुचाने बंद केलं की दाब वाढून उतारावर नवं विवर फुटतं. ते कुठे फुटेल हे आधी ओळखायचं, हे माझं काम. सहकारी हरीश इथेच जन्मलेला, मराठी मोडकंतोडकं. ‘तू कधी आला?’ असं मला, बाईमाणसाला, विचारतो. हसू आवरत नाही.

५ सप्टेंबर

हरीशचा एक नियम आहे. घरी जाताना बूच काढायचंच. का, तर म्हणे ‘इट्स जस्ट सेफर’. पंप बंद असताना कसलं सेफर? आणि ते काढायला रोज हाच मागे थांबतो.

११ सप्टेंबर

सकाळी माझी मापं पुन्हा बिघडलेली. बुचाच्या निमित्ताने हा चाळे करतो, नक्की. माझे अंदाज चुकले की ही जागा यालाच मिळेल. संताप संताप झाला. आज बूच मुद्दाम राहू दिलं, कुलूप लावलं. त्याला सांगितलं, काढलं म्हणून.

१२ सप्टेंबर

नवं विवर, माझ्या खुर्चीच्या बाजूला! पंप बंद, कुलूप शाबूत. कडा गरम. म्हणजे दारावरच्या पोर्टरकडची दुसरी किल्ली याने वापरली. मीही कच्च्या गुरूची चेली नाही. तीही किल्ली मागून घेतली. बूच तसंच आहे.

१३ सप्टेंबर

आणखी एक. वाळूत नाही, फरशीत — माझ्या खुर्चीखाली. आतून ऊब येते. हरीशला आत येऊ दिलं नाही. कुलूप लावून दोन्ही किल्ल्या आणि त्याच्याविरुद्धची तक्रार प्रयोगशाळेच्या प्रमुखांना, सध्या मँचेस्टरला गेलेल्या सरांना, पोस्टाने पाठवल्या. आता बस म्हणावं.

१४ सप्टेंबर

हरीश घरी आला. रडत होता. शर्ट वर करून बरगड्यांखालचे गोल, खोल व्रण दाखवले. एकदा बूच काढायचं विसरला, तेव्हा आधी घसा बुजला आणि मग हे फुटले म्हणे. किल्ली मागत होता. सोंग असेल असं वाटलं — पण माझाही घसा सकाळपासून —

१५ सप्टेंबर

रविवार. किल्ल्या अजून टपालातच. हरीश दार फोडायला गेलाय. ते पोलादी —

घोटही उतरत नाही. हाक मारता येत नाही. भीती वाटते. मी त्याच्यावर उगीच —

बरगडीखाली गरम. बोट लावलं, तर कातडी आत —