एकविसावा वाढदिवस

अर्विंग, टेक्सस

प्रिय आरोही,

कॉलेजच्या एका सत्रासाठी कोपनहेगनला गेलीस, तिथून पाठवलेला तुझा निबंध मिळाला. इंग्रजीत असला तरी एका बैठकीत वाचून काढला. आश्रय मागणाऱ्यांना डेन्मार्क थोड्या थोड्या मुदतीपुरतं राहू देतं आणि मग परत जा म्हणतं. जर्मनीत निदान तिथल्या शाळेत वाढलेल्या मुलांसाठी एक वाट ठेवली आहे. छान मांडलं आहेस. डेन्मार्कवर तर चांगलीच उखडली आहेस. मला मात्र वाचताना तुझाच राग येत होता. अख्खा युरोप पालथा घातलास आणि घरातला सख्खा भाऊ तेवढा दिसला नाही.

आपण कुणी आश्रय मागायला आलो नव्हतो, हे बाबा इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात छाती काढून सांगतात. आपण कसे रीतसर, रांगेतून आलेले! निहार तेव्हा दोन वर्षांचा होता. तू इथे जन्मलीस. तेवढ्यावरून एका ताटात जेवणारी भावंडं दोन देशांची झाली. त्याला एकविसावं पूर्ण झालं आणि बाबांच्या व्हिसावरून त्याचं नाव उडालं. त्या दिवशी आणलेला केक कुणी कापलाच नाही. मग विद्यार्थ्याचा व्हिसा, मग नोकरी, मग नोकरीच्या व्हिसासाठी दरवर्षी ती सरकारी लॉटरी. यंदाही नंबर लागला नाही. तुझ्या एकविसाव्याला मात्र सगळं मंडळ जेवायला होतं, कारण आता तू आईबाबांच्या ग्रीन कार्डासाठी अर्ज करू शकतेस. मुलीनं नशीब काढलं, असं पद्मिनीकाकू म्हणाल्या तेव्हा निहार त्यांच्याच पानात श्रीखंड वाढत होता. भावासाठीही अर्ज करता येतो म्हणे, पण नंबर येईतोवर त्याचे केस पिकतील.

शनिवारी तो पुण्याला निघतोय. तिच्या परीक्षा आहेत, तिला कळवू नका, असं त्यानं बजावलं होतं. मराठी त्याला धड वाचता येत नाही, तिथली एक गल्ली ओळखीची नाही, आणि भेटेल तो विचारतो, परत चाललास का? मला तर त्या माणसांची तोंडं बघवत नाहीत.

मीही त्याच्याबरोबर जातेय, कायमची. बाबा इथेच राहतील, तुझं शिक्षण व्हायचं आहे. अर्ज फक्त त्यांच्यासाठी कर, माझं नाव घालू नकोस. हे फोनवर सांगितलं असतं तर तू मला अडवलं असतंस, म्हणून लिहितेय. आणि मला भेटायला पुण्याला यावंसं तुला वाटलं, तर आधी चौकशी कर. तुला व्हिसा लागेल.

तुझीच, आणि त्याचीही,
आई