चाखलेली भिंत

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाचा! घर बसकं, ऐसपैस, आणि मुख्य म्हणजे एकही पायरी नाही. गुडघ्यांपायी आमच्या बाईसाहेब तीन वर्षं तिसऱ्या मजल्यावर अडकून पडल्यात. खिडकीत मावेल तेवढंच त्यांचं जग. घरमालकीणबाईंनी खरेदीआधी आठवडाभर राहून बघायची मुभा दिली. रविवारी हिला आणायचं. हिने मान डोलावली की सही.

निघताना हिने बजावलंय, की अंगणातल्या झाडावर भाळू नका, भिंती ठोकून बघा. कवितेच्या नादात तुम्ही गोठाही विकत घ्याल. खोटं नाही! अंगणात शिरलो नि तिसरीतली पाखरांची कविता आठवली. चक्क चालीवर म्हटली. मालकीणबाई तोंडावर रुमाल धरून ऐकत राहिल्या. दाढदुखी आहे, असं त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं. पाटी! काळी, लाकडी चौकटीची. डोळे भरून आले.

मंगळवार, ४

गवंडी आला. नळ, मोऱ्या, छप्पर, सगळं ठाकठीक. फक्त निजायच्या खोलीत, ओसरीकडच्या भिंतीवर ताटलीएवढा ओला डाग. गवंडी म्हणाला, पाणी झिरपतंय की लोणा लागलाय हे चाखल्याशिवाय कळत नाही. खारट लागलं तर लोणा, म्हणजे विटांतला खार. त्याच्या तोंडात तंबाखूचा बार. आजोबा, घर तुम्हाला घ्यायचंय, तर जीभही तुमचीच लावा, म्हणून हसला.

मला शाळेत चोरून खाल्लेली पाटीवरची पेन्सिल आठवली. लावली जीभ.

खारट होती. पण कोमट. आणि बुळबुळीत, सकाळी न धुतलेल्या तोंडासारखी.

बुधवार, ५

चव जात नाही. चहा प्यालो तर कुणीतरी चूळ भरून कपात परत सोडल्यासारखा लागला. जिभेवर पांढरा पापुद्रा आलाय. ओढला तर सायीसारखा लांबच लांब निघाला, टोकाला भिंतीच्या रंगाची खपली.

डाग परातीएवढा झालाय. मधोमध गुलाबी.

गुरुवार, ६

डाग फुगून बाहेर आलाय. जाड, मऊ, वर बारीक पुटकुळ्या. काठीने डिवचला तर आत आक्रसला. लाळ गळते खाली, गादीपर्यंत. कुजका वास. मी ओकलो, तर चुन्याचं पाणी आणि वाळूचे खडे.

हे घर नको. तसं सांगायला हिला फोन केला. तोंड उघडलं आणि— बोललो ते मी नव्हे. घर सोन्यासारखं आहे, लगेच ये, असं स्वच्छ, गोड आवाजात. ही रडली आनंदाने. रविवारची वाट कोण बघतंय, म्हणाली, उद्याच भाच्याच्या गाडीतून येते.

फोन ठेवल्यावर पुन्हा लावायला गेलो. तोंडातून नुसती घरघर.

शुक्रवार, ७, सकाळी

जीभ तुटली. चूळ भरताना बेसिनमध्ये पडली, वाळक्या गिलाव्याच्या ढेकळासारखी. दुखलं नाही. रक्तही नाही. त्याचीच किळस जास्त.

शेजारी मालकीणबाईंकडे धावलो. त्यांनी रुमाल खाली घेतला. आत सगळं पांढरं, कोरडं, चुना मारलेल्या कोनाड्यासारखं. पाटीवर लिहिलं: मीही चाखली होती.

फाटकात उभा राहीन. हिला उतरूच देणार नाही. चष्मा निजायच्या खोलीत राहिलाय, तेवढा घेतो—

दहा वाजता

मी आत येताच मागे दार मिटलं, ओलीने फुगून चौकटीत घट्ट बसलंय. खांदा मारला. हलत नाही. खिडकीला गज.

तिच्याकडे पाठ करून बसलोय. भिंतीकडे. ती ओठ चाटल्यासारखी— नको, लिहवत नाही.

गाडी. गाडी थांबली. काठीची टकटक— हीच.

भिंत बोलतेय. माझ्या आवाजात. पाखरांची कविता, चालीवर, एक शब्द न चुकता— ही ओसरीवर हसतेय. अहो, बाहेर तरी या, म्हणतेय.

दारावर मुठी आपटतोय. भिंत तिला सांगते, सुतार दार ठोकतोय.

चिठ्ठी दाराखालून सरकवली. कागद पलीकडे जातच नाही, ओलीत चिकटतो, लगदा होतो—

भिंत सांगतेय, बाईसाहेब, जरा तुमच्या बाजूने तपासा. ओल आहे का लोणा. जीभ लावून.

ही हसतेय. या वयात पाटीपेन्सिल खायला लावता का, म्हणतेय.

काठी भिंतीला टेकवली. अगदी जवळ आली— श्वास ऐकू येतो— नको गं— नको—

डाग पलीकडे वळतोय, तिच्या